लाइफटाइम टॅक्सचं आयुष्य किती?

आपल्या बेळगावात कॉलेज रोडला दहा मिनिटं उभं राहून गाड्यांचे नंबर वाचले, तर भूगोलाचा एक धडा सहज होऊन जातो. केए २२ म्हणजे घरची गाडी. एमएच ०९ म्हणजे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडची; बाजाराला, दवाखान्याला, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला आलेली. जीए असेल तर बहुतेक चोर्ला घाट चढून आलेली. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. सीमेवरच्या माणसाला सगळीकडचे पाहुणे सवयीचे असतात. पेट्रोल कुठल्या बाजूला स्वस्त आहे हे आपल्याला शाळेत न शिकवताच कळतं.

पण पाहुणा कधीपर्यंत पाहुणा असतो? माणसाच्या बाबतीत हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवायचं. गाडीच्या बाबतीत कायद्यानंच ठरवून टाकलंय. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ४६ म्हणतं, एका राज्यात नोंदलेली गाडी भारतात दुसरीकडे पुन्हा नोंदवायची गरज नाही, तिची नोंदणी देशभर चालते. लगेच पुढचं कलम ४७ म्हणतं, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागेल. पहिलं कलम वाचून बरं वाटतं आणि दुसरं वाचून खिशाकडे हात जातो. आमच्या घरात ही दोन्ही कलमं सगळ्यांना पाठ आहेत. परीक्षेसाठी पाठ केलेली नाहीत, सत्तर हजार रुपये गेले म्हणून पाठ झाली.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही कृष्णाकाठचं गाव सोडून बेळगावात आलो. पप्पांना उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझरची नोकरी मिळाली. सामान टेम्पोतून आलं, आणि आज्जी, आई, पप्पा, ताई आणि मी असे पाचजण गाडीतून. गाडी २०१८ ची, पेट्रोलवरची, छोटीच. किंमत सहा लाख. घेतली तेव्हा महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ६६ हजार रुपये कर भरला होता. तिकडे त्याला एकरकमी कर म्हणतात, इकडे लाइफटाइम टॅक्स. नाव काहीही असो, एकदा भरला की पंधरा वर्षं त्याचं नाव काढायला नको, अशी आमची समजूत होती. पावती आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती.

इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकांनी पप्पांना घाबरवलं. "एमएचची गाडी हाय काय? तीस दिवसांत टॅक्स भरा, नाहीतर उचलून नेतील." पप्पांनी दोन रात्री नीट झोप घेतली नाही. नंतर फाउंड्रीतल्या एका जुन्या कामगारानं खुलासा केला. कर्नाटकात २०१४ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली होती खरी. बाहेरची गाडी तीस दिवसांहून जास्त राहिली की पूर्ण लाइफटाइम टॅक्स, असा तो नियम होता. पण २०१६ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द ठरवली. म्हणजे वर्षभराची सवलत होती. "वर्ष हाय म्हणजे काय घाई हाय," असं म्हणून आम्ही सगळे निवांत झालो. पण वर्ष काय, बघता बघता संपतं.

वर्ष संपत आलं तसा मामाचा फोन सुरू झाला. मामा कोल्हापूर जिल्ह्यात असतो आणि त्याच्याकडे प्रत्येक अडचणीला एक तोडगा असतो. "दाजी, कशाला नंबर बदलायलाय? महिन्यातनं एकदा कोगनोळी टोल ओलांडून माझ्याकडं या, जेवा, आणि टोलची पावती ठेवा जपून. कुणी विचारलं तर दाखवायची, गाडी कालच महाराष्ट्रातनं आलीया म्हणून." हा तोडगा मामाच्या डोक्यातून आलेला नाही. सीमाभागात कितीतरी घरांत टोलच्या पावत्यांची अशी चवड असते. आईलाही तो पटला होता. महिन्यातून एकदा माहेर, आणि सत्तर हजार वाचणार, तिला आणखी काय हवं होतं!

पप्पा मात्र तयार होईनात. ते म्हणाले, "पाव्हणं, जेवायला येतो की. पण पोरगी हितं शिकायलीया, पोरगा हितं शिकायलाय, पगार हितं मिळतोय, मग गाडीलाच कशाला खोटं बोलायला लावायचं? रोज कुणीतरी अडवंल म्हणून भीत भीत गाडी चालवायची, त्यापेक्षा भरलेलं बरं." मला तेव्हा पप्पांचा राग आला होता. आजही वाटतं, सरळ वागायचं ठरवलं की जास्त पैसे जातात अशी व्यवस्था असेल, तर लोकांना दोष देण्याआधी व्यवस्थेकडे बघायला हवं.

मग कागदांची वारी सुरू झाली. गाडी जिथं पहिल्यांदा नोंदली त्या कचेरीतून ना हरकत दाखला हवा. तो मागायचा तर आधी कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र हवं. चुकता न केलेला दंड असेल तर तोही आधी भरायचा. विमा चालू हवा, पीयूसी हवं, बेळगावच्या भाड्याच्या घराचा करारनामा हवा. आणि चासी नंबरचा ठसा. हा प्रकार मला फार आवडला. बॉनेट उघडून, पत्र्यावर कोरलेल्या नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल हलकी घासायची. लहानपणी आपण नाण्याचा छाप घ्यायचो ना, अगदी तसं. देशभरातल्या नोंदी आता संगणकावर एका ठिकाणी दिसतात, तरी हा पेन्सिलीचा ठसा लागतोच. मी चार वेळा घासला तेव्हा कुठे आकडे नीट उमटले. आज्जी बाजूला खुर्ची टाकून बसली होती. तिनं विचारलं, "ह्यो नंबर बदलत न्हाई व्हय?" म्हटलं, नाही आज्जी, हा कारखान्यातच कोरलेला, जन्माचा नंबर. ती म्हणाली, "मग त्योच लावा की पुढं. बाकीचं कशाला बदलायचं?"

आज्जीचा हा प्रश्न मी नंतर बऱ्याच जणांना विचारला. नीट उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ना हरकत दाखल्यासाठी कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात कचेरीनं दिला नाही किंवा नाकारला नाही, तर तो दिला असंच मानायचं, असं कलम ४८ मध्ये लिहिलंय. कागदावर हे वाचायला छान वाटतं. पण 'दिला असं मानलेला' दाखला झेरॉक्स काढून दुसऱ्या राज्यातल्या खिडकीवर कसा द्यायचा, हे कलम सांगत नाही. पप्पांनी त्यासाठी गावाकडे तीन फेऱ्या मारल्या, फाउंड्रीतल्या तीन सुट्ट्या घालवून. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं काढली त्याची गाडी नक्कीच दुसऱ्या राज्यात गेली असणार.

शेवटी इकडच्या खिडकीवर गेलो तेव्हा मी पप्पांबरोबर होतो. कारण फॉर्मवर कन्नड आणि इंग्रजी, आणि पप्पांना दोन्हीची धास्ती. खिडकीवरचा माणूस भला होता. आमचं मराठी ऐकून तोही मराठीत आला, मधूनमधून कन्नड पेरत. फॉर्म तपासला आणि म्हणाला, "फी सहाशे." पप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून नोटा काढल्यासुद्धा. मग तो म्हणाला, "ही फी हो अण्णा. टॅक्स वेगळा." आणि आम्हाला आकडा दिसावा म्हणून त्यानं पडदा आमच्याकडे वळवला. सत्तर हजाराला थोडेच कमी.

फी आणि कर यातला फरक आपण अर्थशास्त्रात एका ओळीत शिकतो. फी म्हणजे एखाद्या कामाचा मोबदला, कर म्हणजे मोबदल्याशी न जोडलेली वसुली. मला तो फरक त्या दिवशी समजला. कागद तपासणं, नंबर देणं, नोंद करणं, या सगळ्या कामाची किंमत सहाशे रुपये, आणि ती केंद्राच्या नियमानुसार देशभर सारखी. बाकीचे एकोणसत्तर हजार कामाचे नव्हते. ते आम्ही इथं राहायला आलो याचे होते.

हिशेब असा. कर्नाटकात मोटारीवरचा लाइफटाइम टॅक्स किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के, वर त्या करावर अधिभार. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे सूट मिळते, आम्हालाही मिळाली. म्हणजे अन्याय झाला असं म्हणता येत नाही. प्रत्येक पायरीवर नियम होता, आणि नियमाप्रमाणेच सगळं झालं. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्य सूचीच्या ५७ क्रमांकाच्या नोंदीत, वाहनांवर कर लावायचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. आमची गाडी आता इथल्या रस्त्यांवर धावते, इथल्या सिग्नलला थांबते, इथल्या खड्ड्यांत आदळते. मग इथल्या सरकारनं कर मागणं चूक नाही. हे मी मनापासून लिहितोय.

माझी तक्रार वेगळी आहे. आमचे ६६ हजार पंधरा वर्षांसाठी दिलेले होते, आणि त्यातली पाचच वर्षं वापरून झाली होती. उरलेल्या दहा वर्षांचे पैसे ज्या खजिन्यात होते, त्या राज्यातल्या रस्त्यांवर आमची गाडी आता धावणार नव्हती. नियम म्हणतो, ते परत मिळतात. पण कधी? आधी नव्या राज्यात पूर्ण कर भरा, नवा नंबर घ्या, नवं आरसी बुक हातात येऊ द्या, मग त्याची प्रत घेऊन जुन्या कचेरीत अर्ज करा, मग वाट बघा. म्हणजे मधल्या काळात एकाच गाडीचा, एकाच वर्षांचा कर दोन खजिन्यांत पडून असतो, आणि माणूस मात्र रिकाम्या हातानं दोन्हीकडे बघत बसतो.

हा मधला काळ आमच्या घरात अकरा महिन्यांचा होता. या अकरा महिन्यांबद्दल लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

ते सत्तर हजार आईनं बाजूला काढलेले होते, ताईच्या बीएडसाठी. ताईचं बीएस्सी झालेलं, तिला शाळेत गणित शिकवायचं होतं. आई चार वर्षं भिशी लावत होती. ज्या आठवड्यात कर भरला त्याच्या पुढच्याच महिन्यात प्रवेशाची फी भरायची होती. पप्पा ताईला म्हणाले, "तिकडचे परत आले की लगेच भरू." ताई काही बोलली नाही. तिनं त्या वर्षी प्रवेश घेतला नाही. घराच्या पुढच्या खोलीत फळा टांगला आणि गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या सुरू केल्या. संध्याकाळी मी कॉलेजातून यायचो तेव्हा दारात सात-आठ जोडी चपला असायच्या आणि आतून पाढे ऐकू यायचे. तिनं कधीच तक्रार केली नाही. पण रोज रात्री ती पप्पांच्या मोबाईलवर परताव्याच्या अर्जाची स्थिती बघायची आणि मोबाईल उलटा करून ठेवायची. 'प्रलंबित' हा शब्द आमच्या घरात इतका रुळला की आज्जीसुद्धा भाजी शिजली नसली की "अजून परलंबित हाय" म्हणायला लागली.

अकरा महिन्यांनी पैसे आले. सगळे येणार नव्हतेच, ३८ हजारांच्या आसपास आले. तोवर ताईच्या बॅचचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. पुढच्या वर्षी तिनं प्रवेश घेतला, काही परत आलेले पैसे, काही शिकवणीचे, काही मामानं दिलेले. मामा देताना म्हणाला, "टोलच्या पावत्या ठेवल्या असत्या तर..." पुढचं त्यानं गिळलं, कारण पप्पा समोर होते. एक वर्ष म्हणजे फार नाही असं लोक म्हणतात. चोवीस वर्षांच्या मुलीच्या घरी, जिथं दर महिन्याला कुणीतरी स्थळ घेऊन येतं, तिथं एक वर्ष किती मोठं असतं ते ताईला विचारा.

मग मी थोडं वाचायला लागलो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. 'एक देश, एक कर' हे वाक्य तेव्हा भिंतीभिंतीवर होतं. पण वाहनांवरचा राज्याचा कर त्यात गेला नाही, तो ज्याच्या त्याच्या राज्याकडे राहिला. म्हणजे गाडीचा सुटा भाग सीमा ओलांडून येतो तेव्हा नाका लागत नाही. तेच भाग जोडून तयार झालेली, कर भरलेली गाडी माणसाबरोबर राहायला आली की लागतो.

२०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच मालिकेचे नंबर सुरू झाले. ते घेतले की राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही, आणि कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. वाचून मला वाटलं, हेच तर हवं होतं! पण तो सर्वांसाठी नाही. सैन्यदलातले लोक, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, आणि ज्या खासगी कंपनीची कचेरी चार किंवा अधिक राज्यांत आहे तिथले कर्मचारी, एवढ्यांनाच. पप्पांच्या फाउंड्रीला एकच कचेरी आहे, तीही भट्टीला लागून. ज्यांची बदली होते त्यांची सोय झाली. पोटासाठी आपली आपणच बदली करून घेणाऱ्यांची अजून व्हायची आहे. आणि आपल्या भागात दुसऱ्या प्रकारचीच माणसं जास्त.

उपाय फार अवघड आहे असं मला वाटत नाही. समवर्ती सूचीतली ३५ वी नोंद सांगते की वाहनांवरचे कर कोणत्या तत्त्वांवर लावायचे, याबद्दल केंद्रही कायदा करू शकतं. बहुतेक राज्यांच्या कचेऱ्या 'वाहन' नावाच्या एकाच संगणकीय यंत्रणेवर काम करतात. आमची गाडी कधीची, कर किती भरला, दाखला कधी निघाला, हे खिडकीवरच्या त्या भल्या माणसाला पडद्यावर दिसत होतं. माहिती सीमा ओलांडून क्षणात येते. मग उरलेला कर का येऊ शकत नाही? जुन्या राज्यानं उरलेली रक्कम थेट नव्या राज्याला द्यावी, आणि माणसाकडून फक्त फरक घ्यावा. आमच्या बाबतीत तो फरक तीस-बत्तीस हजारांचा होता. तेवढे पप्पांनी त्या दिवशी कुरकुर न करता भरले असते, आणि ताईचं वर्ष गेलं नसतं. राज्यांचा एक रुपयाही बुडाला नसता. फक्त दोन सरकारांमधल्या पैशाचं ओझं एका सुपरवायझरनं अकरा महिने वाहिलं नसतं.

नंबर बदलला त्या दिवशी घरात थोडी शांतता होती. जुनी प्लेट काढून नवी लावली. खरं तर नंबरप्लेट मराठीतही नसते आणि कन्नडमध्येही नसते. इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे, असा देशभर एकच नियम. तरीही ते एमएच गेल्यावर पप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले, काहीतरी हरवलंय का बघायला जावं तसे. आज्जी म्हणाली, "लेक सासरी गेली की नाव बदलत्यात, तसंच हे. फकस्त हिला माहेरनं द्यायचं ते द्यायला लै दिवस लावले."

मित्रहो, आपल्यातले बरेच जण उद्या नोकरीसाठी पुण्याला, पणजीला, बंगळूरला, हैदराबादला जाणार. कुणी दुचाकी नेईल, कुणी पहिल्या पगारातून हप्त्यावर मोटार घेईल. म्हणून चार गोष्टी सांगतो. गाडी घेताना भरलेल्या कराची पावती कधीच टाकू नका, परतावा तिच्यावरच मिळतो. कर्ज फिटलं की त्याच आठवड्यात बँकेचं पत्र घ्या. गाव सोडायच्या आधीच ना हरकत दाखल्याचा अर्ज करा, नंतर फेऱ्या पडतात. आणि नवं आरसी बुक ज्या दिवशी हातात येईल, त्याच दिवशी जुन्या राज्याकडे परताव्याचा अर्ज टाका, कारण अर्ज केल्याशिवाय कुणीही आपणहून पैसे पाठवत नाही. राज्यशास्त्राच्या वर्गात कधी केंद्र-राज्य संबंध शिकवायला घेतले, तर सरांना तेवढं ५७ आणि ३५ या नोंदींबद्दल जरूर विचारा.

ताई आता बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या सराव पाठासाठी तिनं सहावीला शेकडेवारीचा धडा घेतला. उदाहरण म्हणून फळ्यावर तिनं सहा लाखांची गाडी आणि ११ टक्के कर असं गणित घातलं. एका मुलानं हात वर करून विचारलं, "टीचर, हा कर परत मिळतो काय?" ताई म्हणाली, "मिळतो की. पण ते पुढच्या धड्यात, सरळ व्याजात."